दाभण, डोळा आणि वर्तुळं

आयझॅक न्यूटनचं नाव निघालं की सफरचंद आठवतं. मला मात्र त्याच्या वहीतलं एक छोटं रेखाचित्र आठवतं. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेल्या या वहीत रंगांविषयीच्या नोंदी आहेत, १६६५-६६च्या सुमाराच्या. चित्रात बाजूनं दिसणारा डोळ्याचा गोळा आहे. डोळा आणि खोबणीचं हाड यांच्या फटीतून एक दाभण जितकं मागे जाईल तितकं आत सरकवलेलं आहे. टोकाच्या दाबानं गोळ्याला बाक आलाय आणि पुढे काही वर्तुळं काढली आहेत. डोळा त्याचा स्वतःचाच.

चित्रकलेच्या अंगानं पाहिलं तर त्यात फारसं काही नाही. पण जरा थांबून पाहावं. दाभण आणि बाक शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही दिसले असते. वर्तुळं न्यूटनखेरीज कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. तरीही दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईत, आणि अक्षरंही एकाच बाराखडीतली: बाकाला काही, वर्तुळांना काही. भास म्हणून वर्तुळांना कोपऱ्यात ढकललेलं नाही. या चित्राचं सगळं सौंदर्य मला या समान वागणुकीत दिसतं.

शेजारचा मजकूरही तसाच कोरडा आणि नेमका. पांढरी, काळपट, रंगीत वर्तुळं उमटली, ती दाभणाचं टोक घासत राहिल्यावर अधिक स्पष्ट झाली. डोळा आणि दाभण स्थिर धरलं, तर दाब तसाच असूनही ती फिकी होत जात, पुष्कळदा नाहीशीच होत. जरा हलवलं की पुन्हा हजर. हा तपशील टिपणाऱ्याला सलाम करावासा वाटतो. प्रकाश म्हणजे एक प्रकारचा दाब, अशी देकार्तची मांडणी तेव्हा चर्चेत होती. इथे दाब कायम होता आणि उजेड विझत होता! आज आपण सांगू शकतो की दृष्टिपटलातल्या पेशी मुख्यतः बदलाला प्रतिसाद देतात, एकसारख्या दाबाला त्या लवकरच सरावतात.

उंबऱ्याच्या चौकटीवर टाळकं आपटतं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात, ते याच घराण्यातले. डोक्याला हिसका बसला की दृष्टिपटल ताणलं जातं; मेंदूचा मागचा, पाहण्याचं काम करणारा भाग कवटीवर आदळू शकतो. पेशी धक्क्यानं चेततात. धक्का कशाचा, हे मेंदूला कळायला मार्ग नसतो. त्या वाटेनं आलेला प्रत्येक निरोप तो उजेड म्हणूनच वाचतो. जागासुद्धा सवयीनंच ठरवतो. मिटलेल्या डोळ्याचा कानाकडचा कोपरा बोटानं हलकेच दाबला, तर चकाकी नाकाच्या बाजूला दिसते, कारण दृष्टिपटलाच्या त्या भागावर एरवी नाकाकडूनच प्रकाश येतो. (बोटानं, आणि हलकेच. दाभण न्यूटनलाच लखलाभ.)

डोळ्याशिवायही हे घडतं. १९६८ साली ब्रिंडली आणि लेविन यांनी एका अंध स्त्रीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिच्या मेंदूच्या त्या मागच्या भागावर बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडला की तिला पांढऱ्या प्रकाशाचे बारीक ठिपके दिसत. ती नजर हलवी तसे ते ठिपकेही सरकत. ही स्त्री सांगेल तेच पुरावा, हे तिथे गृहीतच होतं. न्यूटनच्या वहीत साक्षीदार आणि लेखनिक एकच आहे, एवढाच फरक.

आणि हा लेखनिक स्वतःविषयी किती गप्प आहे! प्रयोग उजेडाच्या खोलीत डोळे मिटून केला, मग काळोखातही केला, रंग कसे बदलले, हे सगळं तो लिहितो. डोळा दुखला का, पाणी आलं का, भीती वाटली का, यातलं काही नाही. क्रमांक संपला की पुढचा क्रमांक, पुढची नोंद.