परवाना, पद आणि उत्तरदायित्व : विश्वेश्वरय्यांच्या आत्मकथनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे ‘मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ’ हे इंग्रजी आत्मकथन 1951 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी लेखक नव्वदीत होते. भारतीय अभियंत्याने स्वतःच्या व्यवसायाविषयी लिहिलेल्या महत्त्वाच्या पुस्तकांत त्याची गणना होते. 15 सप्टेंबर या त्यांच्या जन्मदिनी दरवर्षी अभियंता दिन साजरा होतो, परंतु त्यानिमित्त होणाऱ्या भाषणांत चरित्रनायकाचा गौरव अधिक आणि ग्रंथाचे वाचन कमी असते. मनुष्य अभियंता केव्हा होतो, हा प्रश्न समोर ठेवून प्रस्तुत लेखात या आत्मकथनाचा विचार केला आहे. हा विचार मोहाडीसारख्या, तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यातील तालुक्याच्या ठिकाणाहून केलेला असल्याने ग्रंथात जे आले नाही त्याचीही दखल येथे घेतली आहे.

‘लायसेन्शिएट’ या शब्दाचा अर्थ :
विश्वेश्वरय्या बंगळूरहून पदवी घेऊन म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले. या संस्थेचे मूळ 1854 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गात आहे. 1883 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या एल.सी.ई. परीक्षेत प्रथम आले. ‘लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनीअरिंग’ या पदवीच्या नावातच परवाना आहे. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. विद्यापीठाने परवाना दिला व शासनाने पद दिले. समाजाने मान्यता देण्याची वेगळी पायरी या व्यवस्थेत नव्हती, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

पांझरेचा प्रसंग :
नोकरीच्या आरंभीच खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून नळाचा सायफन टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पुरामुळे अडथळे येऊ लागले, तेव्हा पाणी ओसरेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी सुचविले. वरिष्ठांनी त्यात शिस्तीचा अभाव पाहिला. अखेर त्यांनी काम चालू ठेवले व पूर्ण केले. हा प्रसंग कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितला जातो, पण त्याचे दुसरेही वाचन संभवते. नदी पाहून केलेला तांत्रिक निर्णय आणि वरिष्ठांचा आदेश यांत विरोध आला, तर अभियंत्याने कोणाला उत्तर द्यावे, हा मूलभूत प्रश्न येथे उपस्थित होतो. आत्मकथनकार त्याचे उत्तर काम तडीस नेण्यात शोधतात, मात्र तो प्रश्न पुढे नेत नाहीत.

निवेदनाचे सामर्थ्य व मर्यादा :
शीर्षकातच निवेदनाची चौकट स्पष्ट आहे. लेखकाने कार्यजीवनापुरतेच लिहिले असून खाजगी जीवनाला नगण्य स्थान दिले आहे. खडकवासला येथे 1903 मध्ये बसविलेली स्वयंचलित दारे असोत वा कालव्याच्या पाण्याचा लाभ अधिक गावांना मिळावा म्हणून आखलेली गट पद्धत असो, भाषा अहवालाची, संयत आणि आत्मस्तुतीपासून दूर राहणारी आहे. हे या गद्याचे मोठे सामर्थ्य होय.

मर्यादाही याच गुणातून आली आहे. अहवाल वरिष्ठांना सादर होतो, त्यामुळे त्यात खाते, सरकार व संस्थान ठळकपणे दिसतात. माती वाहणारा मजूर आणि पाण्याची वाट जाणणारा गावकरी मात्र पार्श्वभूमीवरच राहतो.

भंडाऱ्यातील वाचकास ही उणीव विशेष जाणवते. येथे गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने उतार पारखून मातीच्या पाळी घातल्या, पाणी सोडण्यासाठी तुडुम बांधले आणि धानाची शेती उभी केली. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा त्याच परंपरेतील होय. या बांधणाऱ्यांकडे परवाना नव्हता, पण पाळ फुटली तर पहिले नुकसान त्यांच्याच बांधीत होत असे. उत्तरदायित्व वस्तीतच होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. तलाव शासनाकडे आले, ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले आणि त्यांची जबाबदारी पदाकडे गेली. या परंपरेचे अवास्तव उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, कारण मालगुजारीत पाण्यावरील हक्क सर्वांना समान नव्हते. तरीही निर्मिती व जबाबदारी यांचे तेथील नाते दुर्लक्षिता येत नाही.

परवान्याचा सामाजिक आशय :
अमेरिकेतील वायोमिंग राज्याने 1907 मध्ये अभियंत्यांच्या परवान्याचा त्या देशातील पहिला कायदा केला. त्यामागे सिंचनाचेच कारण होते. पाण्याच्या हक्कासाठी अप्रशिक्षित व्यक्ती नकाशे सादर करीत होत्या. परवाना तेथे जनतेच्या संरक्षणाचे साधन म्हणून आला. भारतात वकिलांसाठी 1961 चा व वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा झाला, परंतु स्वातंत्र्यानंतर अनेक दशके अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा होऊ शकला नाही. 1920 मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स या संस्थेस 1935 मध्ये राजसनद मिळाली आणि ‘चार्टर्ड इंजिनीअर’ ही मान्यता रूढ झाली. स्थानिक संस्थाही आपापल्या हद्दीपुरते परवाने देतात. तथापि पदवी मिळाली की अभियंता झाला, ही एल.सी.ई.च्या काळातील समजूत समाजमनात टिकून राहिली.

निष्कर्ष :
विश्वेश्वरय्यांचे आत्मकथन परवान्यापासून पदापर्यंतचा व पदापासून कर्तृत्वापर्यंतचा प्रवास प्रामाणिकपणे मांडते. ज्यांच्यासाठी धरण बांधले त्यांना अभियंता कसा उत्तरदायी राहील, याचे विवेचन मात्र त्यात अपुरे आहे. ही उणीव एका लेखकाची नसून त्या व्यवसायाच्या घडणीची आहे. मोहाडी परिसरातील अनेक विद्यार्थी आज अभियांत्रिकीकडे वळतात. त्यांच्या हाती हा ग्रंथ अवश्य द्यावा, आणि तो वाचून झाल्यावर त्यांना जवळच्या मामा तलावाच्या पाळीवरही न्यावे.