‘त्रास’ आणि ‘आत्यंतिक क्रूरता’

अमेरिकेने १९९४ साली स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध केलेल्या कायद्याने नागरिकाच्या अथवा कायम रहिवाशाच्या परदेशी पत्नीस पतीच्या सहीवाचून निवासाच्या हक्कासाठी स्वतः अर्ज करण्याची मुभा दिली. (नावात स्त्री असली तरी पीडित पतीलाही ही तरतूद लागू आहे.) मारहाण किंवा ‘आत्यंतिक क्रूरता’ सोसल्याचे मात्र दाखवावे लागते. पोलिसांचा दाखला अनिवार्य नाही. कोणताही विश्वसनीय पुरावा विचारात घेतला जातो. साहजिकच अर्जदाराच्या निवेदनाला, म्हणजे तिच्या भाषेला, विलक्षण महत्त्व येते. मराठी निवेदन अनुवादातून जाते, आणि घात होतो तो तेथेच.

घरातील हिंसेविषयी मराठी स्त्री बहुधा ‘हे फार त्रास देतात’ एवढेच म्हणते. या ‘त्रासा’त मारहाण, उपाशी ठेवणे, पासपोर्ट कुलपात घालणे, माहेरी फोन करू न देणे यांपैकी काहीही सामावलेले असू शकते. ‘हे’ हे आदरार्थी सर्वनामही लक्षणीय होय; आरोप करतानाही मर्यादा सुटत नाही. इंग्रजीत याचे ‘ट्रबल’ झाले की प्रकरण शेजाऱ्याच्या कुरकुरीइतके हलके होते. उलटपक्षी थेट ‘क्रूरता’ लिहिणारा अनुवादक तिच्या तोंडी तिचे नसलेले वाक्य घालतो. अनुवाद पूर्ण व अचूक असल्याचे प्रमाणपत्र तर त्यालाच द्यावे लागते.

वस्तुतः नियमातील व्याख्या मराठी वाक्याला प्रतिकूल नाही. सकृद्दर्शनी हिंसक न भासणारी कृत्येही हिंसेच्या एकंदर आकृतिबंधाचा भाग असतील तर ती हिंसा ठरू शकतात, असे ती सांगते. ‘देतात’ हा साधा वर्तमानकाळ येथे रीतीचा, नित्य घडणाऱ्या क्रियेचा, बोध करतो. आकृतिबंध तो हाच. म्हणून प्रतिशब्द धुंडाळण्यापेक्षा त्रास कोणता, केव्हा, किती वेळा, हे मूळ मराठी निवेदनातच विचारून घेणे युक्त.

एच-१बी कर्मचाऱ्याच्या पत्नीची अडचण मात्र निराळी आहे. पती नागरिक वा कायम रहिवासी नसल्याने हा मार्ग तिला बंद. २००५ च्या कायद्याने तिला केवळ काम करण्याचा परवाना देऊ केला. त्याच्या अर्जाचा नमुना निघण्यास २०१७ उजाडले. गुन्ह्याच्या बळींसाठी २००० साली निर्माण झालेला यू व्हिसा उरतो. त्याला वर्षाकाठी १०,००० मुख्य अर्जदारांची मर्यादा आहे, शिवाय तपासयंत्रणेचा सहीचा दाखला हवा. तेथे ‘त्रास’ प्रथम पोलिसाच्या इंग्रजी टिपणात उतरतो, आणि त्या वेळी घरात इंग्रजी सफाईने बोलणारा कित्येकदा एकटा पतीच असतो.