कोणत्याच गावचे नसलेले रामायण : वनराज भाटिया यांचे ॲनिमे-संगीत

जपानमध्ये ॲनिमेच्या, म्हणजे तिथल्या रेखाचित्रपटांच्या, संगीताला स्वतंत्र कलाकृतीचा मान आहे. हायाओ मियाझाकी यांच्या 'नौशिका'साठी (१९८४) जो हिसाइशी यांनी चित्रपट पुरा होण्याआधीच, केवळ कल्पनेतल्या प्रसंगांवर एक ध्वनिमुद्रिका तयार केली होती. अशा मुद्रिका तिथे चित्रापासून वेगळ्या काढून ऐकल्या जातात, त्यांची समीक्षा होते. आपल्याकडे चित्रपटसंगीतावर उदंड लिहिले गेले. पण ते बहुतेक गाण्यांवर, आणि गाण्यांतही गायकांवर. त्यामुळे एका मुंबईकर संगीतकाराने एका ॲनिमेला दिलेले संगीत आपल्या टीकेच्या चाळणीतून निसटले. चित्रपट 'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा', संगीतकार वनराज भाटिया.

२४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट भारतातल्या चित्रपटगृहांत नव्याने झळकला. त्या निमित्ताने माझ्या वाचनात जे आले ते बहुतेक बालपणीच्या आठवणींबद्दल होते : दूरचित्रवाणीवर सुट्टीत पाहिलेला राम, रेखीव चेहरे, उडणारा हनुमान. संगीताला एखाद-दुसरे विशेषण मिळाले. प्रस्तुत लेखात त्या संगीताचा विचार करायचा आहे, आणि माझे म्हणणे एवढेच की या चित्रपटातला सर्वांत धाडसी निर्णय रेषेचा नव्हता, तो सुरांचा आणि भाषेचा होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ साली पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले आणि रामायणाच्या नादी लागले. पुढे कोइची सासाकी आणि आपल्याकडचे राम मोहन यांच्यासह त्यांनी हा चित्रपट सिद्ध केला. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. अयोध्येतल्या ६ डिसेंबर १९९२ च्या घटनेला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. त्या वातावरणात चित्रपटाला भारतात रीतसर वाट मिळाली नाही. मूळ आवृत्तीतले संवाद इंग्रजीत होते, गाणी मात्र संस्कृतात. ती लिहिली वसंत देव यांनी.

आता अडचण पाहा. रामायण ही कथा जिथे जाते तिथली होऊन बसते. आमच्या गंगापूर तालुक्यात गोदावरीच्या काठी कायगाव आहे, पलीकडे टोके. मारीच मृगाची काया पडली ते कायगाव, असे इथला माणूस सहज सांगतो. नदीला वर कुठेतरी पंचवटी आहे, तेव्हा सोन्याचे हरीण पळत पळत इथवर आले असणार, यात त्याला काही नवल वाटत नाही. प्रत्येक गावाने रामाला असे आपल्या शिवारात ओढून घेतले आहे, आणि प्रत्येकाची रामाची चालही वेगळी आहे : कुठे भजन, कुठे ओवी, कुठे चौपाई. टोकियोत काढलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या रामाला यातली कोणती चाल द्यायची? अवधी चौपाईचा ढंग दिला तर तो उत्तरेचा होतो, कर्नाटकी कीर्तनाचा दिला तर दक्षिणेचा, आणि मुंबईच्या सिनेगीताचा दिला तर पौराणिक चित्रपटाच्या गर्दीत हरवतो.

भाटिया आणि देव यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी एकदा शोधलेले होते. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'च्या (१९८८) शीर्षकसंगीतात ऋग्वेदातली सूक्ते आधी संस्कृतात आणि मग देवांच्या हिंदी रूपात समूहाने गायली जातात. त्या आवाजात पुरोहिताचे पठण ऐकू येत नाही आणि भक्तिगीतही ऐकू येत नाही. अनेक कंठांतून एक प्रश्न विचारला जात असल्याचा भास होतो. ॲनिमेचे संगीत त्याच घरातले आहे.

हे जमले याचे कारण भाटियांच्या घडणीत सापडते. लहानपणी ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत शाळेत शिकले. म्हणजे ज्या देवधरांकडे कुमार गंधर्व घडले, त्यांच्याच छायेत. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलाँजे यांच्याकडे पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकून ते परतले. या दोन शाळा सहज एकत्र नांदत नाहीत. रागात षड्ज हलत नाही, सारा प्रवास त्याच्या साक्षीने होतो. पाश्चात्त्य स्वरसंवादात पायाच पुढे सरकत राहतो. दोन्ही एकत्र आणणारे बरेच संगीतकार रागाच्या चालीखाली व्हायोलिनांचा गालिचा अंथरतात आणि थांबतात. भाटिया चाल एकेरी, सरळ ठेवतात आणि वजन समूहस्वरावर टाकतात. समूह जाड होत जातो, विरळ होतो, खालून उचलून धरतो. चाल ओळखीची राहते, तिच्याभोवतीची हवा बदलते. शिवाय त्यांनी जन्मभर हजारो जाहिरातींना संगीत दिले होते. अर्ध्या मिनिटात मनात ठसा उमटवण्याची ती शिस्त रेखाचित्रपटाला नेमकी उपयोगी पडते, कारण इथे प्रत्येक क्षण हाताने काढावा लागतो आणि कोणताही क्षण फुकट मिळत नाही.

संस्कृतचा फायदा केवळ भारदस्तपणाचा नाही, तो मात्रांचा आहे. संस्कृतात 'वन' म्हणताना दोन्ही अक्षरे पूर्ण उच्चारली जातात : व-न. हिंदीत त्याचे 'वन्' असे एकच अक्षर उरते. 'राम' संस्कृतात रा-म, हिंदीत 'राम्'. गाताना हिंदीतही शेवटचा स्वर कधी कधी जपतात, पण बोलण्याचा ओढा तो गिळण्याकडेच असतो. स्वर गळाला की चालीतली एक जागा रिकामी होते, आणि ती भरायला 'का', 'की', 'में', 'है' असे छोटे शब्द धावून येतात. संस्कृतात ते काम विभक्ती करते आणि ती शब्दाच्या पोटातच असते. त्यावर समासाची सोय. एकच शब्द ओळभर पसरू शकतो, म्हणून सूर मध्ये न तुटता चालत राहतो.

पुढे हिंदी आवृत्ती आली, तीत अरुण गोविल रामाचा आवाज झाले आणि गाणीही हिंदी झाली. त्यांनी लहान मुलांना अर्थ दिला, हे ऋण मोठे आहे. अशोकवनात हनुमान सीतेपुढे येतो तिथे तर हिंदीची जवळीक सरस ठरते. आईला हाक मारायला बोलीच हवी. पण सेतू बांधला जातो तिथे मला संस्कृतच हवीशी वाटते. तिथे कुणा एकाचे मन उघडायचे नसते, हजारो हातांचा ठेका धरायचा असतो.

मराठी श्रोता हे सारे 'गीतरामायणा'चे कान घेऊन ऐकतो. गदिमा आणि सुधीर फडके यांची ती ५६ गीते १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आली, तेव्हा श्रोत्यापुढे चित्र नव्हते. पात्राने स्वतः गाऊनच प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा होता, म्हणून तिथे शब्द पुढे आणि चाल त्याच्या सेवेला. ॲनिमेत चित्र हजर असते. गाण्याने पुन्हा तेच सांगितले तर ते ओझे होते. भाटिया ते ओझे टाळतात आणि गाण्याकडून काळाचे काम करून घेतात : वनवासाची वर्षे सरतात, वाटा तुडवल्या जातात, समुद्रावर दगड चढत जातात. 'गीतरामायणा'च्या तराजूत हे संगीत तोलले तर हलके भरेल. तराजूच वेगळा घ्यायला हवा.

तो तराजू ॲनिमेच्या घराण्यातच सापडतो. 'अकिरा'त (१९८८) गेइनो यामाशिरोगुमी या समूहाने भविष्यातल्या टोकियोला इंडोनेशियाच्या गामेलानचा आणि जपानी नोह नाट्याच्या गायनाचा आवाज दिला. 'घोस्ट इन द शेल'मध्ये (१९९५) केन्जी कावाई यांनी यंत्रमानवांच्या कथेत प्राचीन जपानी भाषेतले समूहगान घातले. कुणी कुणाचे पाहून केले असे मी म्हणत नाही. पण तिघांनाही एकच गोष्ट उमगलेली दिसते : हाताने काढलेल्या चेहऱ्याला रोजच्या बोलीतले गाणे दिले की तो लहान होतो, आणि घरात कुणी बोलत नाही अशा भाषेचा समूहस्वर दिला की त्याच्यामागे काळ उभा राहतो. भाटियांचे रामायण या दोहोंच्या मधले पान आहे.

उणिवा आहेत. युद्धाच्या प्रसंगांत संगीत बरेचदा एकसुरी होते; राक्षस बदलतात, ताशा-तुताऱ्यांची रीत बदलत नाही. शांत प्रसंगांत जी काटकसर दिसते ती रणांगणावर सुटते.

तरीही सेतूचे समूहगीत या सगळ्याची भरपाई करते. ज्या महिन्यांत रामाचे नाव रस्तोरस्ती घोषणा म्हणून उच्चारले जात होते, त्याच सुमारास मुंबईतल्या एका संगीतकाराने ते कामकऱ्यांच्या गाण्यात घातले. घोषणा समोरच्याला उद्देशून असते. कामाचे गाणे शेजारच्याला उद्देशून असते, त्याचा हात आपल्या हाताबरोबर पडावा म्हणून. वानरसेनेच्या त्या सुरांत मला दुसरे ऐकू येते, आणि मराठवाड्यात मोट हाकताना किंवा जात्यावर माणसे का गात हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्यासाठी संस्कृत येण्याची गरज नाही.

भाटिया ७ मे २०२१ रोजी गेले. 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका', राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले 'तमस' यांच्या यादीत हा चित्रपट शेवटी कुठेतरी येतो, किंवा येतच नाही. तो वर आणायला हवा. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी सेतूच्या गाण्यापाशी यावे, पडद्याकडे पाठ करावी आणि ऐकावे. दगड एकावर एक चढताना ऐकू येतात.