हाथीगुंफा लेखांतील कालवा : ‘पवेसयति’ ह्या क्रियापदाचा विचार

भुवनेश्वराजवळच्या उदयगिरीवर हाथीगुंफेंत कलिंगाधिपति खारवेलाचा सतरा ओळींचा प्राकृत लेख आहे. राज्याच्या पांचव्या वर्षीं खारवेलानें नंदराजाची ‘पनाडि’ तनसुलीच्या वाटेनें नगरांत आणली, असें त्याच्या सहाव्या ओळींत सांगितलें आहे. पनाडि म्हणजे प्रणाली. आपला पन्हळ ह्याच कुळांतला. ल्यूडर्सनें १९१२ च्या आपल्या सूचींत हा जलमार्ग १०३ वर्षें वापरांत नव्हता असा अर्थ दिला. आणि पुढें अनेकांच्या लिखाणांत खारवेल हा कोरड्या कालव्यास पुन्हां पाणी देणारा राजा झाला. लेखांतील शब्दांवर हा गौरव उभा राहत नाहीं, असें आमचें मत आहे.

पहिला शब्द ‘ओघाटित’. ‘ओ’ हा ‘अव’ पासून येतो, हें खरें. परंतु प्राकृतांत जोडाक्षरापूर्वींच्या उकाराचाही ओकार होतो. पुस्तकाचें ‘पोत्थअ’ होतें तें असेंच. त्या काळच्या लेखांत द्वित्त लिहीत नसत. तेव्हां येथें ‘उद्घाटित’, म्हणजे नंदानें उघडलेला, हाच सरळ अर्थ. जायसवाल व बॅनर्जी ह्यांनींही १९२९-३० च्या आपल्या संपादनांत तोच घेतला आहे.

पण खरा निर्णय क्रियापदानें होतो. पहिल्या वर्षीं वाऱ्यानें मोडलेलीं गोपुरें, तट व घरें राजानें नीट केलीं, तेथें प्रशस्तिकार ‘पटिसंखारयति’ म्हणतो. तळ्यांच्या पाळी बांधविल्या, तेथें ‘बंधापयति’. आणि शेवटच्या ओळींत राजास सर्व देवायतनांचा संस्कारकर्ता म्हणतो. जीर्णोद्धाराची इतकी हौस असलेला हा लेखक कालव्याच्या ठिकाणीं मात्र ‘पवेसयति’, प्रवेश करवितो, एवढेंच लिहितो. मृत कालवा जिवंत केला असता, तर त्यानें ही बढाई खचित सोडली नसती. कालवा नगराबाहेर होता, तो आंत नेला, इतकेंच लेखावरून निघतें; वाटेंत कांहीं डागडुजी झालीही असेल, पण ती लेखाच्या माथीं मारूं नये.

राहिला ‘तिवससत’. १०३ घ्यावे, तर खारवेल इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत जातो, आणि लेखाचें अक्षरवळण त्याहून बरेंच अलीकडचें आहे. म्हणून पुष्कळ विद्वान ३०० घेतात, व आमचाही कल तिकडेच आहे. मात्र अकराव्या ओळींत ‘तेरसवससत’ असा तंतोतंत त्याच घडणीचा समास आहे. येथें ३०० घेणारे तेथें ११३ कोणत्या नियमानें घेतात, हें त्यांनीं सांगावयास हवें.