दुर्गाबाई खोटे : कुलीनता आणि अभिनय

दुर्गाबाई खोटे यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात एक विशेषण हटकून आढळते. ते म्हणजे ‘कुलीन’. कुलीन घराण्यातील एक सुशिक्षित स्त्री चित्रपटात आली, तिने त्या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि तिच्यामागून येणाऱ्या स्त्रियांची वाट मोकळी झाली, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील वस्तुस्थितीचा अंश नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे विधान सामाजिक इतिहासाचे आहे, अभिनयसमीक्षेचे नव्हे. आणि आपल्याकडे ते समीक्षेच्या जागी ठाण मांडून बसले आहे. एखाद्या नटीची चर्चा ती कोणत्या घरातून आली एवढ्यावरच संपत असेल, तर नटी म्हणून तिचा विचार झालाच नाही असे म्हटले पाहिजे. दुर्गाबाईंच्या भूमिकांकडे ओळीने पाहिले असता त्यांत एक निराळेच सूत्र दिसू लागते, आणि त्या सूत्राला ‘कुलीन’ या शब्दाने झाकून टाकले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येईल. १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत लाड घराण्यात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे गोव्याकडील, घरची भाषा कोकणी, वास्तव्य गिरगावातील कांदेवाडीत. कॅथीड्रल शाळा व सेंट झेवियर कॉलेज येथे शिक्षण झाले आणि लहान वयातच खोटे घराण्यात विवाह झाला. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली, दोन मुलांचा भार होता, आणि १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक अल्पशी भूमिका त्यांनी पत्करली. ती पैशाच्या गरजेपोटी होती. या चित्रपटामुळे त्यांना आप्तांचा रोष आणि बाहेरची निंदा सोसावी लागली. तेव्हा कुलीनतेची शिदोरी घेऊन त्या या क्षेत्रात आल्या हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पहिल्याच पावलाला ती शिदोरी सांडली होती. आज आपण ज्या प्रतिष्ठेची गोष्ट करतो ती त्यांनी बरोबर आणलेली नसून पुढील कामाने मिळवलेली आहे.

‘पहिली’ या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. रंगभूमीवर हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी स्त्रीभूमिका केल्या होत्या. या स्त्रिया पहिल्या ठरत नाहीत आणि दुर्गाबाई खोटे ठरतात, याचा अर्थ एवढाच की गणना नटींची नसून वर्गाची चालली आहे. ‘कुलीन’ हा शब्द उच्चारताच बाकीच्यांविषयी काय म्हटले गेले हे न उच्चारताच कळते. एकीचा गौरव करताना अनेकींचा अधिक्षेप करणारे असे विशेषण अभ्यासकाने तरी जपून वापरावयास हवे.

आता अभिनयाकडे वळू. ‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच, आणि तारामती दुर्गाबाईंची. मराठी प्रेक्षकाच्या मनात त्या वेळी आदर्श स्त्रीची जी मूर्ती होती, ती बव्हंशी बालगंधर्वांनी घडविलेली होती. मान किंचित कललेली, पदर सावरण्याची एक विशिष्ट लकब, बोलण्यातला आर्जवी लडिवाळपणा ही त्या मूर्तीची लक्षणे. ही मूर्ती कितीही मोहक असली तरी ती एका पुरुषाने पाहिलेली स्त्री होती, आणि रंगमंचावर नव्याने येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिच्याशी तुलना सोसावी लागे. स्त्रीने स्त्रीची भूमिका करताना पुरुषाच्या नकलेची नक्कल करावी, अशी ही चमत्कारिक अपेक्षा होती. दुर्गाबाई संगीत रंगभूमीच्या तालमीत वाढल्या नव्हत्या, त्यामुळे या लकबी त्यांच्या अंगी लागल्याच नव्हत्या. उंच, ताठ बांधा, रुंद चेहरा, खालच्या पट्टीतला भारदस्त आवाज आणि शब्द पुरता उच्चारण्याची सवय एवढेच त्यांचे भांडवल होते. पार्श्वगायन अद्याप रूढ झाले नव्हते, म्हणून गाणेही नटीलाच गावे लागे. त्या मैफलीच्या गायिका नव्हत्या. त्यांचे गाणे हे बोलण्याचेच पुढचे पाऊल वाटते. विकली जाणारी राणी त्यांनी दीनवाणी न करता राणी म्हणूनच विकू दिली. तारामतीचे दुःख तिच्या ताठ मानेमुळे अधिक बोचते, हा शोध मला या भूमिकेचे मर्म वाटतो.

त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’ मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या, आणि १९३६ च्या ‘अमर ज्योती’त समुद्रावरील चाच्यांची नायिका सौदामिनी. ही दुसरी भूमिका अधिक विचार करण्याजोगी आहे. पतीकडून आपले मूल परत मिळावे म्हणून सौदामिनी राज्यसत्तेकडे न्याय मागते. पत्नी ही पतीची दासी, तिला अपत्यावर हक्क नाही, असे उत्तर तिला मिळते. आणि ती शस्त्र हाती घेते. पोशाख, गलबते, तलवारी यांचा सगळा भपका बाजूला केला तर उरतो तो एक कायद्याचा प्रश्न. हा प्रश्न आक्रोशाने मांडणे सोपे होते. दुर्गाबाई तो हुकमाच्या स्वरात मांडतात. प्रधान दुर्जयासारख्या कैद्याशी बोलतानाही त्यांच्या आवाजात सूडाच्या उन्मादापेक्षा न्यायासनावरचा थंडपणा अधिक आहे. चंद्रमोहनच्या त्या विलक्षण डोळ्यांसमोर निष्प्रभ न ठरणे हीच मोठी गोष्ट. पण येथे त्याची नजर जितकी फिरते तितकी यांची स्थिर राहते, आणि दृश्याचा तोल या स्थिरतेकडे झुकतो. चित्रपटाला मात्र आपल्या नायिकेची धास्ती वाटू लागते. हरवलेला पुत्र कथेत परत येतो आणि बंडखोर स्त्रीच्या जागी हळूहळू व्याकूळ माता उभी केली जाते. दुर्गाबाईंच्या पुढील कारकिर्दीत जे घडणार होते त्याची जणू ही पूर्वसूचनाच म्हणावी लागेल.

चाळिशीच्या दशकारंभीच्या तीन भूमिका एकत्र ठेवून पाहाव्यात. १९४१ च्या अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त वनमालेची छळवादी सासू, १९४२ च्या ‘भरतभेट’मध्ये कैकेयी आणि १९४३ च्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये मृणालवती. पस्तिशी नुकतीच ओलांडलेली, लोकप्रिय आणि कोणत्याही एका कंपनीशी जन्माची बांधलेली नसलेली नटी अशा भूमिका स्वीकारते, यात तिची निवड दिसते. तिघींपैकी एकीलाही प्रेक्षकांची सहज सहानुभूती मिळण्यासारखी नाही. तिघी सत्ता गाजवितात, घरात, अंतःपुरात किंवा राज्यात. मृणालवती ही या तिघींत श्रेष्ठ. मुन्शींच्या कादंबरीतील ही वैराग्यकठोर राजभगिनी बंदिवान मुंजाला नमवू पाहते आणि स्वतःच त्याच्या मोहात सापडते. सोहराब मोदींच्या गडगडाटी वाणीपुढे दुर्गाबाई आवाज चढवीत नाहीत. उलट वाक्याच्या शेवटाला त्या तो उतरवितात, आणि मृणालवतीचा संयम ढळू लागतो तो याच उतरणाऱ्या स्वरांतून.

रंगभूमीने या सामर्थ्याला जे दिले ते चित्रपटाला देता आले नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांत त्यांनी ज्या भूमिका केल्या, त्यांत ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि ‘राजमुकुट’मधील लेडी मॅकबेथच्या घाटाची नायिका या दोन अग्रगण्य आहेत. ‘राजमुकुट’ हे शिरवाडकरांनी केलेले ‘मॅकबेथ’चे रूपांतर, १९५४ चा तो प्रयोग हर्बर्ट मार्शल यांनी बसविला होता. दोन्ही नाटकांत पुरुष नायक नानासाहेब फाटक. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. खाडिलकरांची आनंदीबाई आणि शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ यांचे नाते समीक्षकांनी पुष्कळदा दाखविले आहे : दोघींचे पती महत्त्वाकांक्षी पण डळमळीत, दोघी त्यांच्या वतीने निश्चय करणाऱ्या. १७७३ मधील नारायणरावांचा खून आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका मराठी मनात इतकी रुजली आहे की आनंदीबाई रंगमंचावर येण्यापूर्वीच दोषी ठरलेली असते. १९०९ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने हे नाटक आणले तेव्हा ही भूमिका पुरुषाचीच होती. आणि पुरुषाने रंगविलेली कारस्थानी स्त्री ही प्रेक्षकांना सोयीची असते, कारण तिचे पाप सोंगाबरोबर उतरविता येते. स्त्रीने ती उभी केल्यावर ही सोय राहिली नाही. सत्तेची इच्छा ही खरोखरच एका स्त्रीची इच्छा असू शकते, हे प्रेक्षकाला समोर बसून मान्य करावे लागले. आणि येथेच त्या ‘कुलीन’ विशेषणाचा एक विपरीत उपयोग झाला असावा असे मला वाटते. जिच्या चारित्र्याविषयी प्रेक्षक निःशंक आहे अशी नटी पापाची भूमिका अधिक खोलवर नेऊ शकते. हा लाभ कमलाबाईंच्या पिढीतील स्त्रियांना मिळाला नव्हता, हेही येथेच नोंदविले पाहिजे. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला तो या कामगिरीच्या पार्श्वभूमीवर.

चित्रपटात याच काळात त्या ‘माता’ झाल्या. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. देवकी बोस यांच्या ‘सीता’त (१९३४) ज्यांच्यासमोर त्या सीता होत्या, तेच पृथ्वीराज कपूर येथे अकबर आहेत. पती आणि पुत्र यांच्या कात्रीत सापडलेली ही राणी दुर्गाबाईंनी डौलाने केली. पण भूमिकेला स्वतःची इच्छा अशी नाही, दोन इच्छांमध्ये उभे राहणे एवढेच तिच्या वाट्याला आले आहे. वय वाढले की नटीला आईच व्हावे लागते, असा आक्षेप यावर येईल. त्याला उत्तर एवढेच की आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ याही काही तरुणी नव्हेत. १९६३ च्या ‘द हाउसहोल्डर’ मधील मुलाच्या संसारात लुडबुड करणारी आई पाहिली म्हणजे ‘पायाची दासी’तील सासूच जरा मवाळ होऊन, विनोदाचे अंग घेऊन परत आल्यासारखी वाटते, आणि दुर्गाबाईंचा अभिनय एकदम ताजातवाना होतो. ‘बिदाई’ (१९७४) साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे मानही लाभले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या निवर्तल्या. गौरवलेखांतून पुढे आली ती बहुतांशी पडद्यावरची वत्सल आई. सौदामिनी आणि मृणालवती यांचा उल्लेख यादीपुरता झाला.

‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) हे त्यांचे आत्मचरित्र या संदर्भात जपून वाचावे लागते. त्यातील गद्य स्वच्छ आहे, घराचे, माणसांचे, पैशाच्या ओढाताणीचे वर्णन नेमके आहे. परंतु अमुक भूमिका कशी घडविली, आवाजाचे काय केले, याविषयी लेखिका फार हात राखून बोलते. त्याच्या शेजारी हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) ठेवावे. ते सांगितले गेले आणि अरुण साधूंनी लिहून घेतले. त्यात संकोच जवळजवळ नाही. हा फरक दोन स्वभावांचा आहे असे म्हणून सोडून देता येईल, पण दोघींना समाजाने देऊ केलेल्या जागा भिन्न होत्या हे अधिक खरे कारण दिसते. एकीपाशी सांभाळण्यासारखे नाव होते, दुसरीचे आधीच हिरावून घेतलेले होते. मराठी अभ्यासक्रमांत ही दोन पुस्तके ‘स्त्रियांची आत्मचरित्रे’ या एका मथळ्याखाली वाचली जातात. अभिनयाविषयीचे दस्तऐवज म्हणून, ‘अयोध्येचा राजा’ व ‘अमर ज्योती’ हे चित्रपट समोर ठेवून, पुन्हा पुन्हा थांबवून पाहत त्यांचे वाचन व्हावयास हवे; रंगभूमीवरील आनंदीबाईचा माग काढण्यास आपल्या हाती आता दुसरे फारसे साधन उरलेले नाही.