झोलाच्या 'लार्जाँ' कादंबरीतील वित्तसत्ता आणि सामान्य भागधारक

एमिल झोलाच्या वीस कादंबऱ्यांच्या रुगाँ-माकार मालेतील अठरावी कादंबरी 'लार्जाँ', म्हणजेच 'पैसा', १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली. जानेवारी १८८२ मध्ये 'युनियाँ जेनेराल' ही फ्रेंच बँक कोसळली. झोलाने त्या घटनेचा आधार घेतला. मात्र कथानक तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत ठेवले. बाजारावर हुकमत गाजविणारा धनिक सामान्यांच्या जीवनात कोणत्या वाटेने प्रवेश करतो, या दृष्टीने तिचा विचार येथे केला आहे.

नायक साकार अडीच कोटी फ्रँक भांडवलाची बँक स्थापन करतो. पूर्वेकडील देशांत लोहमार्ग, जहाजे आणि चांदीच्या खाणी यांची स्वप्ने तो विकतो. एक वृत्तपत्र ताब्यात घेतो. आणि बँकेच्याच पैशातून इतरांच्या नावे बँकेचेच शेअर खरेदी करवितो. पाचशे फ्रँकांचा शेअर तीन हजारांपलीकडे जातो. भाव चढतो म्हणून विश्वास बसतो आणि विश्वास बसतो म्हणून भाव चढतो, हे चक्र झोलाने विलक्षण बारकाईने उलगडले आहे. साकारची खरी सत्ता तिजोरीत नसून या विश्वासात आहे.

म्हणूनच देजुआ या बँकेतील शिपायाचे उपकथानक कादंबरीचा गाभा ठरते. मुलीच्या हुंड्यासाठी सहा हजार फ्रँक जमावेत, म्हणून तो आयुष्यभराची शिल्लक शेअरमध्ये गुंतवितो. रक्कम पुरी होते, तरी तो विकत नाही. आता त्याला म्हातारपणीच्या उत्पन्नाचीही आशा वाटू लागते. बँक बुडते, सर्वस्व जाते आणि मुलगीही घर सोडून जाते. त्याचा लोभ त्याचा स्वतःचा आहे, हे खरे. परंतु त्या लोभाला खतपाणी घालणारी यंत्रणा साकारची आहे.

गुंडरमान या ज्यू प्रतिस्पर्ध्याच्या चित्रणात मात्र झोला रूढ प्रतिमेच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे वित्तसत्तेच्या प्रश्नाला जमातीच्या प्रश्नाचे विकृत रूप येते. १८९८ मध्ये ड्रेफ्यूसच्या बाजूने उभा राहणाऱ्या लेखकाच्या बाबतीत ही उणीव अधिकच खटकते.

याहून गंभीर आक्षेप शेवटाविषयी आहे. पैसा हे खत आहे, त्यातूनच उद्याचे जीवन उगवते, अशा आशेपाशी कारोलीन हे पात्र येऊन ठेपते आणि लेखकाची सहानुभूती तिच्याकडे झुकते. खत कोणाच्या संसाराचे झाले आणि पीक कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न या रूपकाने झाकला जातो. शिक्षा होऊनही साकार मंत्रिपदावरील भावाच्या कृपेने देश सोडतो आणि हॉलंडमध्ये दलदल उपसण्याच्या नव्या योजनेत रमतो. देजुआला अशी दुसरी संधी मिळत नाही. कादंबरीने स्वतःच मांडलेला हा पुरावा तिच्या आशावादी समारोपाला खोटा पाडतो. वित्तसत्तेचे मोजमाप तिने उभारलेल्या लोहमार्गांनी करायचे की बुडविलेल्या संसारांनी, हे ठरविण्याचे काम झोला वाचकावर सोडत नाही. वाचकाने ते त्याच्या हातून काढून घ्यावे लागते.