दरबारी चित्रकार नेमका कुणाचा? जेम्स वेल्स आणि गंगाराम तांबट

फर्दापुरात उभं राहून चित्रकलेवर बोलायचं आणि अजिंठा सोडून पुण्याच्या दरबारात शिरायचं, हा जरा आगाऊपणाच झाला. म्हणून सुरुवात इथल्या डोंगरापासूनच करू. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. लेणं कुणी करवून घेतलं, ते आपल्याला नावानिशी कळतं. भिंती कुणी रंगवल्या, ते त्यात नाही. पैसे देणाऱ्याचं नाव दगडात, हात चालवणाऱ्याचं कुठेच नाही. ही गोष्ट मनात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

आता पुणे. सवाई माधवराव पेशवे गादीवर, कारभार नाना फडणवीसांच्या हाती आणि इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट शहरात. १७९१ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. पेशवे, नाना, महादजी शिंदे या तिघांचीही व्यक्तिचित्रं त्याने केली. म्हणून आपल्याकडे त्याला सरसकट 'पेशव्यांचा दरबारी चित्रकार' म्हणून टाकतात. आम्हाला हे पद तपासून घ्यावंसं वाटतं. वेल्स पेशव्यांच्या दरबारात बसला हे खरं, पण त्याला तिथपर्यंत नेलं इंग्रज वकिलातीने. मग तो दरबारी नक्की कुणाचा?

त्याचं १७९२ चं मोठं तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवे, शेजारी नाना, मागे सेवक. आपल्याकडच्या चित्रांत तोवर राजाचा चेहरा बहुधा एकचष्म असायचा, म्हणजे एका बाजूने दिसणारा. त्यात मान असतो, अंतर असतं. माणूस आपल्याकडे बघत नाही. वेल्स तैलरंग घेऊन आला, छायाप्रकाश घेऊन आला, आणि चेहरा त्याने आपल्या बाजूला वळवला. दागिन्यांनी मढलेला अठरा वर्षांचा मुलगा मध्यभागी आहे. मान त्याचा, जागा त्याची. पण आमची नजर मात्र पुन्हा पुन्हा जाते ती नानांच्या त्या उभट, सडपातळ चेहऱ्याकडे. कारभार कुणाच्या हातात आहे, हे सांगायला खाली ओळ लिहावी लागत नाही. चित्रकार म्हणून वेल्सचं मोठेपण इथे आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण हेही विचारा की पुण्यात खरी सत्ता कुणाकडे आहे, हे बघण्याची गरज कुणाला होती? मॅलेटला. त्यामुळे हे चित्र जितकं दरबाराचं आहे, तितकंच वकिलातीचंही आहे.

आणि पुढचं आणखी गमतीचं. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तह करतोय, असं थॉमस डॅनियलचं १८०५ चं भव्य चित्र आहे. लंडनच्या टेट संग्रहात आहे ते. प्रसंग १७९० चा, टिपूविरुद्धच्या तहाचा. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्याने आधार घेतला वेल्सच्या रेखाटनांचा, आणि वेल्स तर १७९० मध्ये हिंदुस्थानातच नव्हता! चेहरे खरे, माणसं खरी, पण प्रसंग नंतर जुळवलेला. तेव्हा असं चित्र पुरावा म्हणून वापरताना आधी विचारावं: चेहऱ्याचा पुरावा की घटनेचा? पहिल्यासाठी ते मोलाचं आहे. दुसऱ्यासाठी जपून.

आता गंगाराम. गंगाराम चिंतामण तांबट, आडनाव नवगिरे असंही लावतात. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथला हा सगळ्यात गुणी चित्रकार. बहुतेक ठिकाणी त्याची ओळख एका शब्दात उरकतात: 'वेल्सचा शिष्य'. आमचा आक्षेप इथेच आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं गंगारामचं चित्र १७९० चं आहे. म्हणजे वेल्स यायच्या आधीच हा माणूस समोरचा जिवंत प्राणी बघून चित्र काढत होता. वेल्सकडून तो पुष्कळ शिकला असेल, पण डोळा त्याचा स्वतःचा होता. कार्ले आणि वेरूळची लेणीही त्याने काढली.

वेरूळ म्हणजे इथून सुमारे शंभर किलोमीटर. १७९५ मध्ये वेल्सही तिथे काम करत होता. अजिंठा त्या मंडळींना ठाऊकच नव्हता. जॉन स्मिथ इथे आला तो १८१९ मध्ये. त्याच १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, वय एकवीस. पुढच्याच महिन्यात साष्टीतल्या लेण्यांची चित्रं करताना आजारी पडलेला वेल्स ठाण्यात वारला. ज्याचं चित्र काढलं तो आणि ज्याने काढलं तो, दोघेही महिन्याभरात गेले. पुण्यातली वेल्सची कारकीर्द जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची.

कागदांचं काय झालं? वेल्सची मुलगी सुझाना हिने १७९९ मध्ये मॅलेटशीच लग्न केलं, म्हणजे ठेवा घरातच राहिला. १८०३ मध्ये डॅनियलच्या देखरेखीखाली वेरूळचा चोवीस चित्रांचा संच निघाला. मुखपृष्ठावर रेखाटनं कुणाची? जेम्स वेल्सची. गंगारामचं नाव तिथे नाही. त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. अलीकडे अभ्यासक ती बाहेर काढतायत, ही चांगली गोष्ट आहे. पण पुण्याच्या माणसाने पुण्यात काढलेला गेंडा बघायला आपल्याला अमेरिका गाठावी लागते.

आम्ही वेल्सला लहान करायला आलेलो नाही. त्याच्यावाचून नानांचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर असा उभा राहिला नसता. म्हणणं एवढंच की दरबारी चित्रकाराचं चरित्र एकट्याचं लिहू नये. आश्रय देणारा कोण, घेऊन येणारा कोण, शेजारी बसून हात चालवणारा कोण, ही सगळी नावं एका पानावर यायला हवीत.

सोळाव्या लेण्यातल्या चित्रकारांची नावं आता मिळणार नाहीत. गंगारामचं मिळालंय. उद्या लेण्यांत जाल तेव्हा शिलालेखाशी थोडं थांबा, मग भिंतीशी थांबा. आणि घरी मुलांना नानांचं चित्र दाखवाल, तेव्हा वेल्सबरोबर गंगाराम तांबट हेही नाव सांगा. एवढं केलंत तरी आज इथवर आल्याचं सार्थक झालं.